मदत हवी आहे: मॅटप्लॉटलिबचा (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) अख्खा चार्ट ९० अंशात फिरवायचाय, खोली वरून खाली दिसायला हवी

मंडळी, जरा अडकलोय, मॅटप्लॉटलिब नीट माहीत असलेल्या कोणीतरी हात द्या.

भूजलाचं काम आहे, दख्खन ट्रॅपचा (थरावर थर साचलेल्या लाव्हाचा) भाग, म्हणजे वर काळी माती, मग मुरूम, खाली मांजऱ्या (भोकं-भोकं असलेला मऊसर खडक) नाहीतर थेट काळा पाषाण, मधेच कुठे तांबडा बोल (दोन लाव्हा-थरांमधला लाल मातकट पट्टा). रेझिस्टिव्हिटी सर्व्हेतून, म्हणजे जमिनीत वीज सोडून थर तिला किती अडवतात ते मोजून, प्रत्येक थराची जाडी आणि ओहम-मीटरमधली किंमत काढलीये. प्लॉट केलं की खोली आडव्या अक्षावर येते, ० मीटर डावीकडे आणि ६० उजवीकडे, आणि हे मला गावात शेतकऱ्यांसमोर ठेवायचंय, मुरमात पाणी धरलंय तिथे किंमत कशी उतरते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आडव्या विहिरीत ते कसं कळणार?

सेव्ह केलेली इमेज फिरवली तर सगळे आकडे न् नावं पण आडवी पडली. मग अ‍ॅफाइन टू-डी हा आकृती फिरवणारा ट्रान्सफॉर्म घेऊन रोटेट डिग्री ९० लावलं, तर रेषाच फिरून शून्याच्या डावीकडे गेली, अक्षावरचे आकडे होते तिथेच. चार्टच्या चार्ट फिरवायची एखादी कमांड आहे का? प्लीज सांगा, गावातली बैठक जवळ आलीये.

प्रतिसाद १:
तशी एक कमांड नाहीये, आणि तुमच्या कामाला फिरवण्याची गरजही नाही. एक्स आणि वायची अदलाबदल करा, वायला खोली द्या आणि सेट वायलिमला आधी ६० मग ० द्या, अक्ष आपोआप उलटा होतो. ओहम-मीटरला लॉग स्केल लावलं असेल तर ते आता एक्सला लावायचं. बाकी जे जे उभं होतं ते आडवं करा, म्हणजे एएक्स-व्हीलाइनच्या जागी एएक्स-एचलाइन, फिल बिटवीनच्या जागी फिल बिटवीन एक्स, त्यात पहिला आर्ग्युमेंट वाय असतो हे लक्षात ठेवा. थरांचा पायऱ्यापायऱ्यांचा आलेख असेल तर सरळ स्टेअर्स वापरा, ओरिएंटेशन हॉरिझॉन्टल द्यायचं, किमती जितक्या त्यापेक्षा एज (थराची कड) एक जास्त लागते.

धागाकर्ता:
वा दादा, स्टेअर्सने एकदम झकास आलं, विहिरीसारखं दिसतंय! पण तीन बोअर शेजारीशेजारी लावले, शेअर-वाय ट्रू आहे, आणि लूपमध्ये प्रत्येकाला इन्व्हर्ट वाय-अ‍ॅक्सिस केलं. बरोबर आलं. मग चौथा बोअर घातला तर सगळेच पालथे, जमीन खाली आणि तळ वर. हे काय झालं?

प्रतिसाद २:
शेअर-वायमुळे चौघांचा अक्ष एकच आहे, एकाला उलटवलं की सगळे उलटतात. तीन बोअर होते तेव्हा अक्ष तीनदा, म्हणजे विषम वेळा उलटला म्हणून नीट दिसला, चौथ्याने परत सरळ केला. लूपच्या बाहेर एकदाच उलटवा, नाहीतर वर सांगितलेलं सेट वायलिमच ठेवा, ते कितीही वेळा चाललं तरी बिघडत नाही. आणि एक्स-अ‍ॅक्सिसवर टिक टॉप करा, सोबत सेट लेबल पोझिशन टॉप, म्हणजे ओहम-मीटरचे आकडे जमिनीच्या बाजूला वर येतील, बोअरलॉगमध्ये (बोअरच्या थरांच्या नोंदीत) तसंच वाचायची सवय असते. आणि थरांची नावं पहिल्या बोअरच्या शेजारीच लिहा, लिजंड (खुणांची यादी) कोपऱ्यात टाकला तर गावात कोणी तिकडे बघणार नाही.