मदत हवी आहे: विंधन विहिरीच्या पाण्यात एकूण अल्फा ०.८ बेक्वेरेल, पाणी प्यावे की नाही?

निर्झर: विंधन विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला असून त्यात एकूण अल्फा किरणोत्सार (अल्फा कण सोडणाऱ्या सगळ्या द्रव्यांचा मिळून) लिटरला ०.८ बेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) दाखवला आहे आणि शेजारी 'मर्यादेपेक्षा अधिक' असा शेरा मारला आहे. प्रयोगशाळेत विचारले, तर आम्ही फक्त मोजतो, असे उत्तर मिळाले. घरात लहान मूल आहे. हे पाणी प्यावे की बंद करावे, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे.

आरओभक्त: फार खल न करता आरओ बसवा. युरेनियम असो वा रेडियम, दोन्ही बहुतांशी त्यात अडतात.

साधासोपा: कशाला यंत्रे? पाणी चांगले खळखळून उकळावे आणि निर्धास्तपणे प्यावे.

खडकशोध्या: उकळल्याने रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघून जातो हे खरे, परंतु युरेनियम आणि रेडियम विरघळलेले असल्यामुळे वाफेबरोबर जात नाहीत, उलट उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. शिवाय या तपासणीत नमुना आटवूनच मोजतात, त्यामुळे रेडॉन त्या आकड्यात जवळजवळ नसतोच. निर्झर, जागतिक आरोग्य संघटनेचे ०.५ बेक्वेरेल हे मूल्य केवळ चाळणीचे आहे; ते ओलांडले म्हणून पाणी घातक ठरत नाही, तर आत नेमके कोणते मूलद्रव्य आहे ते शोधावे लागते. युरेनियम वेगळे मोजले आहे का? एकूण बीटा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कणांचा किरणोत्सार, किती? नमुना विहिरीवरचा होता की नळाचा?

निर्झर: मी हो की नाही एवढेच विचारले होते. बीटा ०.६ आहे, युरेनियमची नोंद नाही. नमुना अर्थातच स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या नळाचा, त्यात कोळसा आणि यूव्ही दिवा आहे.

मोजणीबहाद्दर: गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र) पेल्यावर धरून पाहा. मी पाहिले, काट्याने हूं की चूं केले नाही.

खडकशोध्या: अल्फा कण पाण्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर कापत नाहीत, तेव्हा काटा हलणार कसा?

निर्झर, यूव्ही दिवा जंतू मारतो, किरणोत्साराला त्याचे काही होत नाही. कोळसाही विरघळलेले युरेनियम भरवशाने धरत नाही. आता सगळा अल्फा युरेनियमचाच धरला, तर नैसर्गिक युरेनियमच्या मिलिग्रॅमला साधारण २५ बेक्वेरेल या हिशोबाने लिटरला सुमारे ३२ मायक्रोग्रॅम येतात. संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ३० आहे आणि तेही किरणोत्सारासाठी नसून मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामासाठी आहे. भूजलात युरेनियम-२३४ (युरेनियमचाच अधिक किरणोत्सारी प्रकार) अनेकदा जादा असते, म्हणून प्रत्यक्ष वजन याहून कमीही निघेल. सगळा अल्फा रेडियम-२२६ या रेडियमच्या प्रकाराचा असेल, तर त्याचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १ बेक्वेरेल आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या आतच आहात. मला काळजी वाटते ती रेडियम-२२८ ची, कारण ते बीटा सोडते, अल्फाच्या आकड्यात दिसत नाही, कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते आणि त्याचे मूल्य अवघे ०.१ आहे.

आरओभक्त: एवढे गणित मांडून गाडी शेवटी आरओवरच येणार!

खडकशोध्या: येईलही. मात्र नुसते रेडियम निघाले, तर पाणी मऊ करणारा साधा सॉफ्टनरही ते धरतो, युरेनियमसाठी वेगळे रेझिन (विरघळलेली द्रव्ये धरणारे मणी) लागते. निदानाआधीच औषध ठरवण्याची घाई कशाला?

न्हाणीघर: अंघोळीचे कोणीच बोलत नाही! रेडॉनचा मुख्य धोका पिण्यापेक्षा श्वासातून फुप्फुसांना असतो. शॉवर घेताना खिडकी उघडी ठेवावी.

निर्झर: रेडॉन मोजलेलाच नाही, अंघोळीचे नंतर पाहू. मुलाचे काय करू?

खडकशोध्या: ही मूल्ये रोज दोन लिटर पाणी वर्षभर पिण्याच्या हिशोबाने काढलेली आहेत, त्यामुळे आजवर प्यायलेल्या पाण्याने घाबरून जाऊ नये. तरी निकाल येईपर्यंत मुलासाठी तपासलेले दुसरे पाणी वापरावे. नवा नमुना फिल्टरच्या आधीचा द्यावा आणि युरेनियम, रेडियम-२२६ व रेडियम-२२८ वेगवेगळे मागावेत. रेडॉनसाठी बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून लगेच पोहोचवावी, कारण तो ३.८ दिवसांत निम्मा होतो.