पेक्सोफॅजी: पेरॉक्सिझोम निवडून नेले, हे सिद्ध कसं करायचं?

हिरवीपट्टी:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बेकर्स यीस्टवर काम करतेय. पेरॉक्सिझोम म्हणजे पेशीतले स्निग्धाम्लं मोडणारे छोटे कप्पे; त्यातल्या थायोलेज या एन्झाइमच्या शेपटाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलंय. पेशी आधी ओलिएट या स्निग्धाम्लावर वाढवते, म्हणजे पेरॉक्सिझोम भरपूर होतात. मग धुऊन, नायट्रोजन नसलेल्या ग्लुकोजच्या माध्यमात टाकते. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) सुरुवातीला 70 किलोडाल्टनच्या जरा वर एकच जाड पट्टी असते. काही तासांनी खाली 27 ला दुसरी उमटते आणि गडद होत जाते.

गाइड म्हणतात, हीच पेक्सोफॅजी, म्हणजे पेशीने पेरॉक्सिझोम निवडून मोडीत काढणं. पण नायट्रोजन काढला की पेशी उपाशी पडते, आणि उपाशी पेशी मिळेल ते खाते ना? त्या लोंढ्यात पेरॉक्सिझोमही गेले असतील. निवडून नेले हे कशावरून म्हणायचं? आणि निवडते तर ओळखते कशी?

खमीर:
शंका अगदी रास्त आहे, आणि नुसत्या पट्टीवरून ती फिटणार नाही. पट्टीवरून एवढंच कळतं की जीएफपी रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मोडतोडीच्या कप्प्यात, पोचलं. तिथली प्रोटिएजं थायोलेजचा फडशा पाडतात. जीएफपीची घडी घट्ट, ते टिकून राहतं, तीच 27 ची पट्टी. कोणत्या वाटेने आलं ते त्यातून कळत नाही.

त्यासाठी तीन स्ट्रेन (यीस्टचे वाण) शेजारी शेजारी चालवा: मूळ, एटीजी1 जनुक नसलेला आणि एटीजी36 जनुक नसलेला. एटीजी1 नसेल तर सगळीच ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग रिक्तिकेत नेऊन मोडणं) ठप्प, 27 ची पट्टी यायलाच नको. खरं उत्तर तिसऱ्यात आहे. एटीजी36 नसलेली पेशी उपासमारीतली सर्वसाधारण ऑटोफॅजी नीट करते, मायटोकाँड्रियाही रिक्तिकेत धाडते, फक्त पेरॉक्सिझोम मागे राहतात. तिथे तुमची पट्टी जवळजवळ नाहीशी झाली, तर लोंढ्याचा वाटा किरकोळ होता असं छातीठोकपणे लिहा. सोबत त्याच स्ट्रेनमध्ये जीएफपी-एटीजी8 (सर्वसाधारण ऑटोफॅजीची खूण) तुटतंय हेही दाखवा. नाहीतर परीक्षक विचारणारच, की पेशी उपाशी तरी पडली होती का?

आता ओळखीचं. एटीजी36 हे पेरॉक्सिझोमच्या आवरणावरच्या पेक्स3 या प्रथिनाला धरून बसतं. एचआरआर25 हे कायनेज त्याला फॉस्फेट लावतं, मग एटीजी11 त्याला घट्ट चिकटतं आणि ऑटोफॅगोसोम (माल गुंडाळणारी दुहेरी आवरणाची पिशवी) बांधणारी सगळी मंडळी तिथेच गोळा होतात. मला पेक्स3 फार विलक्षण वाटतं. पेरॉक्सिझोम घडवताना आवरणातली प्रथिनं बसवायला तेच लागतं, कळी फुटताना काही पेरॉक्सिझोम आईपेशीत रोखून धरायला आयएनपी1 त्याच्यावरच येतं, आणि मोडीत काढायची वेळ आली की एटीजी36 ही तिथेच. म्हणून पेक्स3 काढून ही चाचणी घेता येत नाही. ते नसेल तर धड पेरॉक्सिझोमच बनत नाहीत.

जमलं तर एकदा पिकिया पास्टोरिस या दुसऱ्या यीस्टमध्येही बघा. मी त्यावर काम केलंय. मिथेनॉलवर वाढवली की पेरॉक्सिझोम एवढे फुगतात की घोसच्या घोस दिसतात. रिक्तिकेचं आवरण एफएम4-64 ने लाल रंगवायचं, पेरॉक्सिझोम हिरवे. ग्लुकोज घातलं की गोल रिक्तिका आकार सोडते, तिला बाहू फुटतात आणि ते दोन्हीकडून घोसाला वेढत जातात. इथेनॉल घातलं तर तसं होत नाही, पेरॉक्सिझोम एकेक करून दुहेरी आवरणात गुंडाळले जातात. रिसेप्टर मात्र दोन्हीकडे एकच, एटीजी30. शिवाय इथे नायट्रोजन काढावाच लागत नाही, त्यामुळे तुमची लोंढ्याची शंका बरीचशी आपोआप मिटते.

तंतुपेशी:
वरचं सगळं यीस्टपुरतं. आपल्या पेशींत एटीजी30 किंवा 36 चा भाऊबंद सापडलेला नाही. इथे खूण बहुतांशी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची. पेक्स5 प्रथिनं आत पोचवतं, मग त्याला एक युबिक्विटिन लागतं आणि पेक्स1-पेक्स6 ची जोडी एटीपी खर्चून त्याला आवरणातून उपसून काढते. उपसणं थांबलं की खूण लागलेलं पेक्स5 तिथेच साचतं, एनबीआर1 हे खूण ओळखणारं प्रथिन त्यावर येतं आणि पेरॉक्सिझोम लायसोसोमकडे (आपल्या पेशींतला मोडतोडीचा कप्पा) निघतो. यूएसपी30 उलट दिशेने काम करतं, युबिक्विटिन काढून टाकतं.

हे मी पोटतिडकीने सांगतेय, कारण माझं काम झेलवेगर गटातल्या (पेरॉक्सिझोम नीट न बनण्याच्या जन्मजात आजारांच्या) रुग्णांच्या पेशींवर आहे. त्यातला फार मोठा वाटा पेक्स1 च्या दोषांचा. 2017 मध्ये एका गटाने मांडलं की त्या पेशींत पेरॉक्सिझोम कमी दिसतात ते नुसते बनत नाहीत म्हणून नव्हे, ते जास्त मोडलेही जातात. ऑटोफॅजी अडवली तर संख्या आणि कामही सुधारतं. 2021 मध्ये दुसऱ्या गटाने पेक्स1 च्या त्याच नेहमीच्या दोषाच्या पेशी घेऊन तपासलं, तर काम सुधारलेलं दिसलं नाही. म्हणून कोणी पालक हे वाचत असतील तर कळकळीची विनंती: क्लोरोक्विनसारखं औषध यावरून मुलाला देऊ नका. ते सगळीच ऑटोफॅजी अडवतं, निवडून एक नाही.

हिरवीपट्टी:
मनापासून आभार. एटीजी36 नसलेला स्ट्रेन आमच्या फ्रीजरमध्ये आहे, सोमवारी लावते. एक राहिलंच: जीएफपी शेपटाला जोडल्याने थायोलेज आत जायला अडथळा नाही ना?

खमीर:
थायोलेजला नाही, त्याचा आत जाण्याचा संकेत पुढच्या टोकाला असतो. पण ज्याचा संकेत शेपटाला, एसकेएल या शेवटच्या तीन अमिनो आम्लांत असतो, असं प्रथिन घेतलंत, तर जीएफपी पुढेच जोडा, शेपूट मोकळं ठेवा. आणि शून्य तासाचा नमुना न चुकता गोठवा. ओलिएटवर असतानाच 27 ची पट्टी दिसत असेल तर बाकीच्या तासांची तुलना तिच्याशीच करावी लागेल.