हेक्झेन-पाण्याची सीमा: साइट ग्लासवर किती दिवस भरवसा ठेवायचा?

संत्रानगरी:
विदर्भात सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट (हेक्झेन या ज्वलनशील द्रवात विरघळवून तेल काढणारे कारखाने) पुष्कळ, म्हणून विषय काढतो. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून आलेलं हेक्झेन आणि पाणी सेपरेटरमध्ये वेगळं होतं. हेक्झेन वर, पाणी खाली. खालचं पाणी पुढे ईटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरणाकडे). मधली सीमा घसरली की पाण्यामागोमाग हेक्झेनही निघालं. अमेरिकेत लुइव्हिलला 13 फेब्रुवारी 1981 च्या पहाटे सोयाबीन कारखान्यातलं हेक्झेन गटारात उतरलं होतं. एका मोटारीच्या ठिणगीनं पेट घेतला आणि रस्तेच्या रस्ते उखडले. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी ही सीमा नुसती साइट ग्लासवर, म्हणजे टाकीला बाहेरून जोडलेल्या काचेच्या नळीवर, पाहून राहिले लोक. माझं मत: इथे गाइडेड वेव्ह रडार (टाकीत सोडलेल्या दांड्यावरून लहर पाठवून तिच्या प्रतिध्वनीवरून पातळी मोजणारं मीटर) हवंच.

शिफ्टवाला:
भाऊ, सेपरेटरला वॉटर लेग असतो ना. पाणी बाहेर पडायच्या पाइपाची उंची ठरलेली, त्यावर सीमा आपोआप जागेवर राहते. ना वीज, ना कॅलिब्रेशन. मग महागडं मीटर कशासाठी?

संत्रानगरी:
लेग सीमा जागेवर ठेवतो, पण ती हलली तर सांगत नाही. लेगच्या माथ्यावरची व्हेंट (हवेची वाट) तुंबली की सायफन लागतो आणि सेपरेटर उपसला जातो. काचेचं तर विचारूच नका. काचेचा खालचा टॅप (टाकीला जोडणारं तोंड) पाण्यात आणि वरचा वाफेत असला, तर काचेत फक्त पाणी चढतं. टाकीत दीड फूट हेक्झेन असेल, तर त्याच्या वजनाला काचेत एक फूट पाणी पुरतं. सीमारेषा दिसणार कुठून? हेक्झेनच्या थरातच तिसरा टॅप असेल तर गोष्ट वेगळी. तो किती ठिकाणी आहे ते जाऊन पाहा.

कॅलिब्रेशन_हिंगणा:
रडार परवडत नसेल तर डीपी ट्रान्समीटर (दोन टॅपमधल्या दाबाच्या फरकावरून पातळी सांगणारा) लावा. दोन्ही टॅप द्रवात बुडालेले राहिले की झालं. घनता पाहा: पाणी 1, हेक्झेन साधारण 0.66, फरक भरपूर आहे. मात्र तेल-पाण्याची सीमा मोजायला हाच जुगाड सोयातेलाच्या टाकीला करू नका. तिथे घनतेतला फरक जेमतेम 0.08. नागपूरच्या जानेवारीतल्या 12 अंशांवरून मे महिन्यात तेल 45 ला गेलं की त्याची घनता 0.02 च्या आसपास उतरते. म्हणजे रीडिंगमध्ये पाव भाग चूक नुसत्या उन्हानं. तापमानाची दुरुस्ती घातल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

शिफ्टवाला:
आता रडारबद्दल बोला. पेंडीची धूळ वाफेबरोबर आली आणि मध्ये फेसाळ, गढूळ थर धरला, तर तुमची लहर कुठून परतणार? मी सॅम्पल कॉकमधून (नमुना काढायच्या तोटीतून) बाटलीत धरतो, पाच मिनिटं ठेवतो, लगेच कळतं.

संत्रानगरी:
हे खरं आहे. हेक्झेनचा डायइलेक्ट्रिक (विद्युत गुणधर्माचा आकडा; तो एकदम बदलतो तिथून लहर परतते) 1.9, पाण्याचा 80 च्या घरात. म्हणून लहर हेक्झेन पार करून पाण्यावरून जोरात परतते. मधला थर जाड झाला की प्रतिध्वनी बोथट होतो. वरचा थर फार पातळ असला तर दोन्ही प्रतिध्वनी एकात मिसळतात. तेव्हा बाटलीची तपासणी चालू राहू द्या. पण हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते) शून्याखाली 20 अंशांहूनही कमी आहे. उन्हाळ्यात दर राउंडला कॉक उघडणं मला पटत नाही. प्रतिध्वनी कमजोर पडला की मगच उघडा.

शिफ्टवाला:
मीटर लागलं की राउंड बंद होतो, हे मी पाहिलं आहे बाप्पा. अलार्म वाजतो आणि कोणीतरी म्यूट करून चहाला जातो.

संत्रानगरी:
म्हणूनच नुसता अलार्म नको. सीमा खाली गेली की ड्रेनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा.

शिफ्टवाला:
आणि पाणी वर चढून हेक्झेनच्या पंपात गेलं तर? एक्स्ट्रॅक्टरमध्ये, जिथे हेक्झेन सोयाबीनमधून तेल काढतं, पाणी पोचलं की माल बसतो, निचरा थांबतो.

संत्रानगरी:
वरच्या बाजूलाही एक सेट पॉइंट (ठरवलेली पातळी) ठेवा, तिथे पंप आपोआप बंद (ट्रिप) करा. प्लांट चार तास बंद राहिला तर उद्या पुन्हा चालू होईल. गटारात गेलेलं हेक्झेन परत आणता येत नाही.