विषय: तातडीचं – सीडी ड्राइव्ह कुणाकडे आहे? (सोमवारी फीटल एको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी)

वूस्टरच्या काकू:
सुनेला बाविसावा आठवडा लागलाय. परवाच्या स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयाची एऑर्टिक झडप (शरीराकडे रक्त सोडणारी) जाड दिसली. सोमवारी बॉस्टनला फीटल एको आहे, त्यांना परवाची सीडी हवीय. घरात चार लॅपटॉप, ड्राइव्ह एकालाही नाही.

नाशुआचे काका:
वहिनी, ड्राइव्ह आहे माझ्याकडे. (गेल्या वर्षीच्या नाटकाची सीडी कुणाकडे राहिलीय तेही कळवा.) पण उघडायची कशाला? तशीच न्या. रिपोर्ट तर फॅक्स झालाच असेल.

लोवेलची वहिनी:
काका, रिपोर्टवर विसंबू नका हो. आमच्या धाकट्याच्या हृदयाचे चारही कप्पे ठीक दिसले होते. पल्मनरी झडप (फुप्फुसांकडे रक्त सोडणारी) अरुंद आहे हे मोठ्या रक्तवाहिन्या बघताना कळलं. झडप किती उघडते ते स्थिर फोटोत कसं दिसणार? हलती क्लिप लागते, रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर लागतं. काकू, आधी सीडी उघडून क्लिप आहेत का बघा. आमच्याला जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन हे औषध लावलं, तिसऱ्या दिवशी बलूनने झडप उघडली. आता ढोल बडवतो, तुम्ही ऐकलाच आहे.

सचिव:
कृपया वैद्यकीय विषय आरोग्य समितीकडे पाठवावेत. ही मंडळाची ईमेल लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे, जानेवारीत ठरलंय.

नाशुआचे काका:
जानेवारीतच भाजणीवर चाळीस मेल झाले होते. तो कुठला कार्यक्रम?

डॉक्टर ताई:
आरोग्य समिती म्हणजे मीच, तेव्हा इथेच लिहिते. काकू, सोमवार चुकवू नका. एऑर्टिक झडप फार अरुंद असली तर काही बाळांत डावा कप्पा वाढायचा थांबतो. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये 2000 सालापासून निवडक बाळांची झडप आईच्या पोटातूनच सुई घालून बलूनने उघडतात. तुमच्याकडे ती वेळ आलीय असं मी म्हणत नाहीये, ते एकोनंतरच कळेल. पण तशी वेळ आली तर आठवडे मोजूनच ठरवावं लागतं.

लोवेलची वहिनी:
आणि टेक्निशियन मुलगा की मुलगी सांगू का विचारेल. पुण्याच्या दवाखान्यातली ‘लिंगनिदान होत नाही’ ही पाटी डोक्यात ठेवून दचकू नका, इथे अमेरिकेत चालतं. नको असेल तर सुनेने आधीच सांगावं.

वूस्टरच्या काकू:
काका ड्राइव्ह देऊन गेले. सीडीत नुसते फोटो निघाले, क्लिप एकही नाही! क्लिनिकवाले आता क्लिप थेट बॉस्टनला पाठवतायत. सोमवारी सहाला निघतोय. नाटकाची सीडी आमच्याच ड्रॉवरमध्ये सापडली, शनिवारी हॉलवर आणते.