पुन्हा: गावाकडच्या जमिनीवर ऑनलाइन वर्ग, आणि त्यातून वकिलीचं काम

प्रेषक: अ‍ॅड. मीनाक्षी, लातूर

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या जमिनीचे कागद कसे वाचायचे यावर परदेशातल्या आपल्या लोकांसाठी ऑनलाइन वर्ग घ्यायचा विचार आहे. आधीच सांगून टाकते, वर्गामुळे ओळख वाढावी आणि पुढे कामं यावीत हाही हेतू आहे. आराखडा असा: फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद), वारस नोंद, वाटणी, कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा), इनाम (राज्याने बक्षीस दिलेली जमीन), बिनशेती, भूसंपादन, मुखत्यारपत्र, एकूण दहा तास. फी ठेवावी का? वेळ कोणती? आपल्या मंडळाने सभासदांच्या ईमेल यादीवर वर्गाची जाहिरात पाठवली तर चालेल का?

प्रेषक: श्रीनिवास, न्यू जर्सी (मूळ उदगीर)

मीनाक्षीताई,

आठ विषय एकत्र घेतले तर ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळेल की जमिनीचं प्रकरण अवघड असतं. ते त्याला आधीच माहीत आहे. एकच अडचण धरा: वडील गेले, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, वारस तीन देशांत. बाकीचं या अडचणीला चिकटून आलं तरच घ्या.

चार रविवार, प्रत्येकी सव्वा तास. पाऊण तास शिकवणं, अर्धा तास प्रश्न. पंचवीसच्या वर माणसं घेऊ नका, नाहीतर प्रश्नांचा अर्धा तास दोघंतिघंच खातात. वेळ भारतात रात्री साडेआठ ठेवा. तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचे तीन, न्यूयॉर्कला सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सात, दुबईत संध्याकाळचे सात असतात. सिडनीवाल्यांना रेकॉर्डिंगच बघावं लागेल. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर वर्ग सुरू करू नका. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत अर्धा वर्ग तासभर आधी तरी येतो नाहीतर उशिरा. निमंत्रणात भारतीय वेळेसोबत प्रत्येक शहराची वेळ लिहा.

पूर्ण फुकट ठेवू नका. फुकटात नाव नोंदवून न येणारे फार असतात आणि पंचवीस जागांत ते परवडत नाही. फी थोडीच असावी, पण आधी घ्यावी.

मुख्य मुद्दा राहिला. हातचं राखून शिकवू नका. "पुढचं प्रत्यक्ष भेटीत" असं म्हटलं की लोक वर्गाला जाहिरातच समजतात. वारस नोंदीचा अर्ज स्वतः कसा करायचा ते शेवटच्या बटणापर्यंत दाखवा. ज्याचं सरळ आहे तो स्वतः करून मोकळा होईल, आणि ते काम तुम्हाला तसंही नकोच असतं. ज्याच्या उताऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात बोजा (कर्जाची नोंद) किंवा कुळाचं नाव, किंवा भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग 2' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) निघेल, त्याला वकील कशासाठी लागतो हे कुणी सांगावं लागणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्याचा गृहपाठ: प्रत्येकाने आपल्या गटाचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून काढायचा आणि त्यावर प्रलंबित फेरफार दिसतो का ते बघायचं.

यंत्रसामग्री फार लागत नाही. कॉलरचा माइक घ्या, लॅपटॉपच्या माइकवर पंखा ऐकू येतो. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा त्या लाइनवर नसतो, म्हणून वीज गेली की वर्गही जातो. दोन्ही तिथे जोडून घ्या. मोबाइलच्या इंटरनेटवरून दुसऱ्या खात्याने सहयजमान (को-होस्ट) म्हणून आधीच आत राहा, म्हणजे एक लाइन गेली तरी खोली बंद होत नाही. उतारा दाखवताना दीडशे टक्के मोठा करा, पलीकडे कुणीतरी फोनवर बघत असतं.

प्रेषक: गोविंदराव, नांदेड (सीए)

ताई, जाहिरातीच्या प्रश्नाचं उत्तर "चालणार नाही" असंच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम 36 वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष काम मागू देत नाही. परिपत्रक, दलाल, वैयक्तिक पत्रव्यवहार सगळं त्यात येतं. 2008 च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं ठेवता येतं. मंडळाने वर्गाची सूचना द्यावी: विषय, वेळ, शिकवणाऱ्याचं नाव आणि शिक्षण. "अनुभवी वकील, आजच संपर्क करा" हे वाक्य कुठेच नको. वर्ग संपल्यावर सगळ्यांना "काही काम असेल तर कळवा" असा मेल अजिबात नको, तो सरळ नियमाच्या कचाट्यात येतो. विचारणा त्यांच्याकडून यावी.

मंडळाला आलेल्या कामामागे टक्केवारी देऊ नका. वकिलाला वकील नसलेल्याशी फी वाटून घेता येत नाही. वर्गाच्या फीतून मंडळाला ठरावीक देणगी द्यायची असेल तर ती आधीच ठरवा, आणि किती अशिलं मिळाली याच्याशी तिचा संबंध नको.

आमच्या सीए लोकांचं याहून कडक आहे. शैक्षणिक व्हिडिओ टाकता येतो, पण त्यात फर्मचं नाव, संपर्क, संकेतस्थळ काहीच देता येत नाही. म्हणून तुमच्या वर्गात करावर बोलायला मला बोलावलंत तरी सूचनेत फर्म लिहू नका.

करातला एकच मुद्दा तिथे घेईन, कारण त्यावर सगळे अडतात. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून ती विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण 'ग्रामीण' हे हवाई अंतरावर ठरतं. शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण नाही, दहा लाखांपर्यंत सहा, त्याहून मोठ्या शहराला आठ. म्हणजे लातूर-नांदेडला सहा, छत्रपती संभाजीनगरला आठ. रस्त्याने मोजून "आमचं गाव नऊ किलोमीटरवर आहे" म्हणणारे इथेच फसायलेत.

प्रेषक: शैलजा, मिल्टन कीन्स (मूळ परळी)

सगळं ठीक. पण पंचवीस माणसं मराठवाड्याची आणि विषय वडिलोपार्जित जमिनीचा, म्हणजे एकाच गटाचे दोन चुलत भाऊ त्याच वर्गात बसणार हे धरून चाला. एकाने गावाचं नाव घेऊन प्रश्न विचारला की दुसऱ्याला त्याची पुढची चाल कळली. शिवाय रेकॉर्डिंग नंतर कुणाकुणाच्या फोनवर फिरेल? भाऊबंदकीला पडद्याची गरज नसते, पण आपण होऊन मंच कशाला द्यायचा?

प्रेषक: अ‍ॅड. मीनाक्षी, लातूर

शैलजाताईंचा मुद्दा सगळ्यात कामाचा, कारण त्यात माझीही अडचण आहे. वर्गात एकाची हकीकत ऐकून बसले तर उद्या त्याच्या किंवा त्याच्या भावाच्या बाजूने उभं राहणं अवघड होतं. म्हणून असं ठरवते:

प्रश्न शुक्रवारपर्यंत लेखी यायचे; नाव, गाव, गट क्रमांक गाळून. वर्गात दाखवायचे उतारे नावं काळी केलेलेच. प्रश्नांचा अर्धा तास सुरू होण्याआधी रेकॉर्डिंग बंद. वर्ग म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे आणि त्यातून वकील-अशील नातं तयार होत नाही, हे नोंदणी अर्जावरच लिहून घेणार. नंतर कुणी काम घेऊन आलं तर कागद उघडण्याआधी दोन्ही बाजूंच्या सगळ्या वारसांची नावं मागणार आणि पडताळणार.

वर्ग चारच. पहिला: सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) वाचणं.

दुसरा: वारस नोंद. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज, फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस. भारतातल्या एकाच भावाच्या फोनवर सगळं चालतं आणि बहिणींची नावं गळतात, म्हणून नोंद मंजूर होण्याआधी वारसांची यादी कशी तपासायची हे इथेच.

तिसरा खास आपल्याकडचा, आणि तो तासात बसेल की नाही शंका आहे. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि साल 'फसली' (महसुलाची जुनी कालगणना). फसली सालात 590 मिळवले की इसवी सन साधारण मिळतो, 1358 फसली म्हणजे 1948-49. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक (शेतावार पाहणीची नोंद) हा आपल्याकडचा पाया. तिथपासून फेरफाराची साखळी आजच्या गटापर्यंत जोडायची. कुळासाठी मुंबईचा कायदा नाही, 1950 चा हैदराबाद कूळ वहिवाट व शेतजमीन कायदा लागतो. पुण्याच्या वकिलाचा व्हिडिओ बघून कलमं शोधणारे इथेच चुकतात. इनाम आणि मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन) असेल तर उताऱ्यावरून ते कसं ओळखायचं एवढंच दाखवेन.

चौथा: मुखत्यारपत्र. वकिलातीत सही, किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र). कॅनडात अपोस्टिल 11 जानेवारी 2024 पासून मिळतं, त्याआधीच्या सूचना अजून फिरायलेत. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो. लोक तो कपाटात ठेवतात आणि विक्रीच्या आदल्या आठवड्यात काढतात. गोविंदरावांची वीस मिनिटं याच वर्गात.

श्रीनिवास, सहयजमानाचं दुसरं खातं शनिवारी तपासून बघू या. आणि काळ्या केलेल्या उताऱ्याची पीडीएफ बनवताना नुसता काळा चौकोन ठेवला तर खालची नावं कॉपी होतात. मी पान छापून, शाई लावून, पुन्हा स्कॅन करून पाठवते.