फिल्टर चालू राहिलाय हे युजरला कळणार कसं?

अडीचघर: मंडळी, फावल्या वेळात एक छोटा चेस डेटाबेस प्रोग्राम लिहितोय, पीजीएन (डाव साठवलेली फाईल) उघडायची, शोधायचं, डाव बघायचे, बास. परवा माझ्याच प्रोग्रामने मला गंडवलं. सकाळी नायडॉर्फ या ओपनिंगसाठी ईसीओ (ओपनिंगचे कोड) बी९० ते बी९९ आणि दोघा खेळाडूंचं रेटिंग किमान २४०० असा फिल्टर लावलेला, संध्याकाळी ते साफ विसरलो आणि जुन्या जगज्जेत्या कॅपाब्लांकाचे हत्तीचे एंडगेम शोधायला बसलो तर शून्य डाव! अर्धा तास फाईलच करप्ट झाली समजून डोकं खाजवत होतो. खाली कोपऱ्यात डावांचा आकडा होता पण तिकडे बघतंय कोण. लाल पट्टी टाकून बघितली, ती डोळ्यात खुपते आणि पटाची जागा खाते. काय करू?

सातव्यावरचं_प्यादं: शून्य आलं म्हणून वाचलास रे, निदान शंका तरी आली. खरा घोळ ओपनिंग ट्रीमध्ये (कुठल्या चालीला किती डाव, किती टक्के यश ते दाखवणारा तक्ता) होतो. समज, पांढऱ्याचं रेटिंग २५०० च्या वर असा फिल्टर राहून गेला आणि काळ्याला काहीच अट नाही, मग कुठलीही चाल बघ, पांढऱ्याचे टक्के फुगलेलेच दिसणार, आणि आपण म्हणणार वा काय व्हेरिएशन आहे! ट्री फिल्टरवर चालत असेल तर ते ट्रीच्याच डोक्यावर लिही, खाली कोपऱ्यात नको.

गुपचूपउंट: +१. नुसता आकडा किती उरले ते सांगतो, का उरले ते नाही. प्रत्येक अटीची छोटी चिठ्ठी कर, "ईसीओ बी९०–बी९९", "रेटिंग २४००+", शेजारी फुली, दाबली की तेवढीच अट जाईल. एका ओळीत मावतं, लाल रंगाची गरजच नाही.
आणि स्किड या चेस डेटाबेस प्रोग्राममध्ये शोधताना विचारतात बघ, आधीच्या फिल्टरमध्येच शोधायचं, त्यात भर घालायची की नव्याने सुरू करायचं, ते तुझ्याकडे आहे का? तुझा अर्धा घोळ तिथलाच वाटतोय.

अडीचघर: नाहीये 😅 माझ्याकडे नेहमी आधीच्यातच शोधतो.

सातव्यावरचं_प्यादं: झालं मग! अजून एक, कॅपाब्लांका गेला १९४२ ला आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटना) एलो रेटिंग घेतलं १९७० ला, त्यामुळे ईसीओची अट काढलीस तरी २४०० च्या अटीत तो बसणार नाही. रेटिंग कमी असणं आणि रेटिंगच नसणं हे वेगळं ठेव, "रेटिंग नसलेले डावही धरा" अशी टिकची सोय दे. आणि शून्य आलं की तिथेच सांग, कुठली अट काढली तर किती डाव मिळतील.

अडीचघर: चिठ्ठ्या आणि ट्रीवरची ओळ आजच करतो. शून्यवालं जड जाईल, प्रत्येक अट काढून परत मोजायचं म्हणजे मोठ्या फाईलला वेळ लागणार. प्रोग्राम बंद करून उघडला की फिल्टर ठेवू का उडवू?

गुपचूपउंट: उडव. ठेवायचाच असेल तर उघडल्या उघडल्या चिठ्ठ्या दिसू देत, नाहीतर उद्या परत फाईल करप्ट म्हणून येशील इथे.