टिलर की चाक?

इथे एकांनी लिहिलंय की टिलर, म्हणजे सुकाणू वळवायचा दांडा, जुनाट झाला, 30 फुटी शिडाची बोट घ्यायची तर गाडीसारखं चाकच हवं. पटलं नाही.

आमच्या नेरुळहून दिवाळे कोळीवाडा जवळच. तिथल्या छोट्या होड्या बघा: सुकाणूच्या डोक्यावर सरळ लाकडी दांडा, बस्स. मधे ना तार, ना कप्पी. बिघडणार काय?

मी डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर शिकलो. पहिल्या दिवशी उजवीकडे जायचं म्हणून दांडा उजवीकडे ओढला आणि बोट डावीकडे, थेट बॉयाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या) अंगावर! (बाजूचे काका अजून हसतात.) पण आठवड्याभरात हाताला सवय होते. मग कळतं खरी गंमत. वारा वाढला, शीड जास्त झालं, की बोट वाऱ्याकडे तोंड वळवायला लागते आणि दांडा हातात जड होतो. शीड कमी करायची वेळ झाली हे तळहातालाच समजतं. चाकातही जाणवतं, पण मधल्या तारा-कप्प्यांमुळे बोथट.

चाकाचा फायदा मोठ्या बोटीवर. तिथे सुकाणूवरचा जोर एका दांड्याने आवरत नाही. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायला बसतो त्या जागेत, दांडा फिरायला जागा खातो, तेही खरं. पण यंत्रणा आली की बिघाड आला. 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेवरच्या आपल्या नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीला सुकाणू यंत्रणा बिघडल्यामुळे मॉरिशसला थांबावं लागलं होतं.

चाकाचीच घेणार असाल तर आपत्कालीन टिलर (चाक बिघडलं तर सुकाणूवर बसवायचा दांडा) बोटीवर आहे का विचारा, आणि विकत घेण्याआधी एकदा स्वतः बसवून बघा. बरेचदा तो लॉकरच्या तळाशी, दोरखंडाखाली गाडलेला असतो.